रात्रीची गाडीवाली बोट: आत नेमकं काय असतं, आणि कोकणात आली तर त्यात काय हवं?

मिऱ्याची_मैथिली

नमस्कार मंडळी. २०२५ मध्ये मुंबई-जयगड-विजयदुर्ग रोरोची (गाड्या थेट आत चालवत नेता येतात अशा बोटीची) घोषणा झाल्यापासून आमच्या घरच्या ग्रुपवर बोटीचाच विषय चालू आहे. ती वेगवान बोट, जाहीर केल्याप्रमाणे जयगडला तीन तास आणि विजयदुर्गला पाच. छानच आहे, व्हायलाच हवी. पण मला बोलायचंय रात्रीच्या बोटीबद्दल. संध्याकाळी गाडी आत घालायची, वर जाऊन जेवायचं, पाठ टेकायची आणि सकाळी गाडी काढून सरळ घर गाठायचं.

आम्ही नोकरीमुळे स्टॉकहोमला असतो आणि हेलसिंकीला जायचं तर गाडीसकट रात्रीच्या बोटीनेच जातो. सिल्या सेरेनेड नावाची बोट आहे, १९९० ची, दोनशे मीटरच्या वर लांब. संध्याकाळी पाचच्या सुमाराला सुटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आसपास पोचते. धक्क्यावर चेक-इनला रांगेचा नंबर असलेला कागद देतात, तो आरशाला अडकवायचा आणि आपली रांग हलली की निघायचं. आत शिरलं की जॅकेटवाला माणूस हातानेच पुढे, अजून पुढे, थांब असं दाखवतो आणि पुढच्या गाडीपासून वीतभर अंतरावर उभी करायला लावतो. दोन गाड्यांच्या मधे इतकी कमी जागा असते की पोट आत घेऊन उतरावं लागतं, म्हणून मुलांना आणि म्हाताऱ्यांना जरा आधी उतरवलेलं बरं. हँडब्रेक ओढायचा, गियरमध्ये ठेवायची, चोरीचा अलार्म बंद करायचा (बोट हलली की नाहीतर रात्रभर कोकलत बसतो), कुठल्या मजल्यावर आणि कुठल्या जिन्यापाशी गाडी आहे ते मोबाईलवर फोटो काढून ठेवायचं आणि रात्रीपुरती पिशवी घेऊन वर. बोट सुटली की गाड्यांचा मजला बंद, सकाळपर्यंत कुणाला खाली सोडत नाहीत. औषधं, चार्जर, बाळाचं दूध खाली राहिलं की राहिलंच.

वर गेलं की वेगळंच जग. मधोमध जवळजवळ १४० मीटरची रस्त्यासारखी लांब गल्ली, दोन्हीकडे दुकानं, कॉफी, मुलांना खेळायची जागा, आणि ह्या गल्लीवर उघडणाऱ्या खिडक्यांच्या केबिनी. बुफेला आधी वेळ घ्यावी लागते. आणि सौना, म्हणजे घाम काढणारी गरम खोली, फिनलंडची माणसं त्याशिवाय राहूच शकत नाहीत. मध्यरात्री बोट थोडाच वेळ मारियेहामला लागते, ते ऑलंड बेटांवर. ऑलंड युरोपियन युनियनच्या करांच्या बाहेर आहे, तिथे बोट टेकली की बोटीवरचं दुकान करमुक्त राहतं. ह्या बोटींची बरीचशी कमाई त्या दुकानावर आहे.

केबिन लहान असते. भिंतीतून खाली उघडणाऱ्या बर्थ, एक छोटं टेबल, आणि संडास-बाथरूम एकाच कोंदट खणात, ज्याचा उंबरा चांगला उंच असतो. स्वस्त केबिनी गाड्यांच्या मजल्याच्याही खाली, खिडकी नाही, इंजिनाची घरघर अंगाखाली जाणवते. पण झोप लागते हो! म्हणजे इतकी शांत लागते की सकाळी घोषणा झाली तरी उठवत नाही.

माझा खरा मुद्दा पुढेच आहे. आमच्याकडे गणपतीला आणि मे महिन्यात गाडी नेहमी माझा भाऊ चालवतो. रात्री ठाण्याहून निघायचं, पेणपर्यंत ट्रॅफिक, मागे सगळी माना टाकून झोपलेली आणि तो एकटा डोळे ताणून. कशेडीला बोगदा झाला तरी रात्र ती रात्रच. पहाटे पोचलो की सगळ्यांचा चहा होतो, आरती होते आणि हा माजघरात आडवा, सणाचा पहिला दिवस त्याचा झोपेतच जातो. बोटीवर ड्रायव्हर पण झोपतो. ह्याहून मोठी सोय मला दुसरी दिसत नाही, बुफे आणि दुकानं नसली तरी चालतील. तर तुम्हाला काय वाटतं, आपल्याकडे अशी बोट आली तर तिच्यात काय काय हवं?

कुडाळचो_बाबल्या

ताई मस्त लिवलंस. माका एकच सांग, गाडी खाली ठेवल्यार रात्री एकदा बघूक पण गावना नाय? आमच्या पप्पांका गाडी दिसल्याशिवाय झोप येवची नाय.

गुहागरचा_मोटरमन

मी अशाच बोटींवर इंजिनात काम केलंय, भूमध्य समुद्रात, म्हणून बाबल्याला उत्तर मी देतो. नाही गावत, आणि का ते नीट समजून घ्या कारण हा नियम कुणाच्या हट्टापायी झालेला नाही.

जहाजात खालच्या भागाला आडव्या पोलादी भिंती असतात, एका खणात पाणी शिरलं तरी ते तिथेच अडतं. गाड्यांचा मजला मात्र पुढून मागेपर्यंत एकच लांब हॉल, भिंती घातल्या तर गाड्या जाणार कशा. त्या मजल्यावर फूटभर जरी पाणी आलं तरी ते सगळं एका बाजूला धावतं, बोट कलते, कलली की आणखी पाणी त्याच बाजूला. ६ मार्च १९८७ ला बेल्जियमच्या झीब्रुख बंदरातून हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ पुढचं दार उघडं असताना निघाली आणि काही मिनिटांत आडवी झाली, १९३ माणसं गेली. ज्याने दार लावायचं तो केबिनमध्ये झोपला होता आणि वर ब्रिजवर, म्हणजे बोट चालवायच्या खोलीत, कप्तानाला दार दिसतच नव्हतं. त्यानंतर दारांचे दिवे ब्रिजवर आले, कॅमेरे आले. २८ सप्टेंबर १९९४ ला एस्टोनिया, टॅलिनहून स्टॉकहोमला जाताना, तुफानात पुढचा मोहरा, म्हणजे दारावरचं झाकण, तुटून गाड्यांच्या मजल्यावर पाणी शिरलं, ८५२ जण गेले, आणि वेळ मध्यरात्रीनंतरची, बहुतेक प्रवासी केबिनीत होते.

म्हणून रात्री त्या मजल्यावर प्रवासी नको. शिवाय ट्रक साखळ्यांनी बांधलेले असले तरी लाटेत गाड्या थोड्या सरकतात, मधे माणूस सापडला तर संपलं. आणि आग लागली तर तो मजला पटकन बंद करून पाणी मारायला लागतं. आमचा माणूस रात्रभर ठरावीक वेळाने खाली फेरी मारतोच, हात लावून बघतो, वास घेतो. तेव्हा पप्पांना सांग, गाडी बघायला माणूस आहे.

मैथिलीताई, तुम्ही सकाळचं एक सांगायचं राहिलं. गाडीत बसल्या बसल्या इंजिन चालू करू नका. पुढची गाडी हलली की मगच. सगळ्यांनी एकदम चालू केलं की धुराने डोळे चुरचुरतात, आणि आपल्या लोकांना एसी लावून बसायची घाई फार.

प्राची_चिपळूण

वाचनखूण साठवली. सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्यामुळे माझा पहिला प्रश्न लिफ्टचा. गाड्यांच्या मजल्यावरून वर लिफ्ट असते का? आणि तो उंच उंबरा वाचूनच धडकी भरली. दाभोळ-धोपावे फेरीवर गाडीतच बसून राहतो आम्ही, तिथे प्रश्न येत नाही.

मिऱ्याची_मैथिली

प्राची, लिफ्ट असते पण सुटताना आणि पोचताना तिच्यापुढे ही गर्दी. बुकिंगच्या वेळी सांगितलं की गाडी लिफ्टजवळच्या रांगेत लावून देतात, आणि व्हीलचेअरच्या केबिनी वेगळ्या असतात, रुंद दार, बिन-उंबऱ्याचं बाथरूम. त्या मोजक्याच असतात, आधी घ्यायला लागतात. दाभोळची फेरी खाडी ओलांडायची, काही मिनिटांचं काम, तिथे गाडीत बसणं ठीक. रात्रभराच्या बोटीत नाहीच चालत.

भाऊचाधक्का१९७०

तुम्हा मुलांचं वाचून बरं वाटलं. कोकणात रात्रीची बोट होतीच, फक्त गाडीवाली नव्हती. रोहिणी, कोकण सेवक, कोकण शक्ती ही नावं आमच्या पिढीला पाठ आहेत. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून सुटायची आणि हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत दुसऱ्या दिवशी सकाळी पणजी. केबिन मोजक्या लोकांना, बाकी आम्ही डेकवर. धक्क्यावर हमालाला पैसे दिले की तो आधी आत घुसून सतरंजी पसरून जागा धरायचा. खालच्या डेकवर तेलाचा वास आणि उकाडा, वरच्या डेकवर गार वारा पण पहाटे दव, तेव्हा अनुभवी माणसं धुराड्याच्या जवळची ऊब बघून पथारी टाकायची. बायका दशम्या, सुकी चटणी, उकडलेली अंडी घेऊन यायच्या आणि शेजारच्या अनोळखी सतरंजीवर पण द्यायच्या.

बहुतेक बंदरात बोट धक्क्याला लागायचीच नाही, बाहेर समुद्रात उभी राहायची आणि पडाव (छोट्या होड्या) यायचे. मालवण-वेंगुर्ल्याच्या माणसांना काळोखात, कंदिलाच्या उजेडात, लाटेवर पडाव वर आला की उडी मारायची, खलाशी दंड धरून आत ओढायचा. माझ्या आईने मांडीवरचं मूल असं एका अनोळखी खलाशाच्या हातात दिलेलं आहे. त्या खलाशांच्या हातांवर सगळ्या कोकणाचा विश्वास होता.

पावसाळ्यात बोट बंद. १७ जुलै १९४७ ला रामदास बोट रेवसला जाताना काशाच्या खडकाजवळ बुडाली, गटारीची अवस होती, सहाशेच्या वर माणसं गेली. आमच्या घरात अजूनही आषाढात कुणी बोटीचं नाव काढलं की म्हातारी माणसं गप्प होतात. तेव्हा मोटरमन म्हणतात ते दारांचं आणि दिव्यांचं मला सगळ्यात आधी हवं, बाकी सोयी नंतर.

सानिका_ओसाका

काका, तुमची सतरंजी जपानमध्ये अजून जिवंत आहे! ओसाका ते बेप्पू रात्रीची बोट आहे, ह्या मार्गावर १९१२ पासून बोटी जातायत. संध्याकाळी सातच्या सुमारास सुटते आणि सकाळी सातच्या आत पोचते. २०२३ मध्ये कुरेनाई नावाची नवी आली, जपानची एलएनजीवर (द्रवरूप नैसर्गिक वायूवर) चालणारी पहिली फेरी. जपानी फेरींवर सगळ्यात स्वस्त वर्ग म्हणजे मोठी खोली, खाली गालिचा, प्रत्येकाला आखून दिलेली जागा, एक उशी, एक चादर, बस. चपला बाहेर. शेजारी कोण ट्रकवाला, कोण कॉलेजची पोरं, कोण आजी-आजोबा. प्रत्येकाच्या डोक्याशी छोटं कपाट, फोन चार्ज करायला जागा, बायकांची खोली वेगळी.

आणि मोठं सार्वजनिक न्हाणीघर, गरम पाण्याचा हौद, बोट डुलली की हौदातलं पाणी पण डुलतं आणि आपण मान पाण्याबाहेर काढून खिडकीतून किनाऱ्यावरचे दिवे बघायचे. मला वाटतं कोकणात महागड्या केबिनींच्या आधी ही गालिच्याची खोली हवी. आपल्याला जमिनीवर झोपायची सवय आहे, पाठीला बरं वाटतं, आणि चार पैशांत सगळं कुटुंब एका ओळीत.

पुणे_व्हाया_राजापूर

थोडा विरोध करतो. वेगवान बोटीने पाच तासांत विजयदुर्ग, तर दहा-बारा तास बोटीवर कशाला काढायचे? आणि गाडी न्यायचीच तर कोकण रेल्वेने २०२५ च्या गणपतीला कोलाड ते वेर्णा गाड्यांची रोरो (गाडी रेल्वेवर चढवून न्यायची) काढलीच की, बारा तास, ७८७५ रुपये गाडीला. किती जणांनी वापरली? लोकांना घरापासून घरापर्यंत गाडी हवी असते, मधे काही नको असतं.

गुहागरचा_मोटरमन

राजापूरकर, हिशोब असा. मुंबई ते विजयदुर्ग समुद्रातून साधारण दीडशे सागरी मैल. १५ नॉटने (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) दहा तास, म्हणजे रात्री नऊला निघून सकाळी सातला. २५ नॉटने सहा तास. ऐकायला सोपं वाटतं पण साध्या बोटीचा वेग दुप्पट केला तर इंजिनाला ताकद साधारण आठपट लागते, तासाला डिझेल तसंच पितं. तो खर्च तिकिटातच येणार. हळू जाणारी बोट स्वस्त पडते आणि हे दहा तास नाहीतरी तुमच्या झोपेचेच आहेत.

रेल्वेच्या रोरोबद्दल म्हणाल तर ट्रकांना ती १९९९ पासून आहे आणि ट्रकवाले वापरतातच. गाडीवाल्यांना कोलाडपर्यंत आधी चालवत जायचं, पुढे वेर्ण्याला म्हणजे गोव्यात उतरायचं, रत्नागिरी-राजापूरवाल्याने ते करून परत उलटं यायचं का? लोक आले नाहीत ते मधे उतरायची सोय कमी पडली म्हणून, माझं मत. नंतर मधलं नांदगाव स्टेशन घातलं पण तोवर सण तोंडावर. बोटीचं पण तसंच आहे, उतरायची जागा घराजवळ हवी.

बाकी आपला समुद्र बाल्टिकसारखा नाही हे पण सांगून ठेवतो. स्टॉकहोमची बोट बराच वेळ बेटांच्या आडून जाते. आपल्याकडे लाट पश्चिमेकडून येणार आणि बोट दक्षिणेला जाणार, म्हणजे लाट कुशीवर, बोट डुलणार. बाजूला पंख असतात, स्टॅबिलायझर, ते डुलणं बरंच कमी करतात. ज्यांना बोट लागते त्यांनी मधली आणि खालची केबिन घ्या, टोकाची आणि वरची नको. गोळी बोट सुटायच्या आधी घ्यायची, ओकाऱ्या सुरू झाल्यावर उपयोग नाही. रिकाम्या पोटी राहू नका, सुकं काहीतरी खा, आलेपाक चघळा.

देवगडचा_हापूसवाला

सगळे कुटुंबाचं बोलताय, मालाचं पण बोला. अशा बोटी जगात ट्रकांवर उभ्या आहेत. सुट्टीचे प्रवासी चार महिने, ट्रक बारा महिने. एप्रिल-मे मध्ये आमच्या पेट्या रात्री निघतात आणि पहाटे वाशीला पोचायला हव्यात, घाटात हादरे बसले की खालच्या थरातला आंबा दबतो, डाग पडतो आणि भाव उतरतो. विजयदुर्गाहून संध्याकाळी ट्रक बोटीत चढवला आणि सकाळी मुंबईत उतरवला, तर फळाला धक्का नाही. मासळीच्या गाडीचं तर विचारूच नका, पण तिला वेगळा कोपरा द्या आणि पाणी गळणार नाही असं बघा, नाहीतर लोकांच्या गाड्या आठवडाभर वास मारतील.

आणि ट्रक ड्रायव्हरला झोपायला जागा द्या. आमचा ड्रायव्हर केबिनमध्येच मुंडकं टेकवून झोपतो. त्याला अंघोळ, ताट आणि पलंग मिळाला तर तो आयुष्यभर दुवा देईल.

सानिका_ओसाका

जपानमध्ये ट्रक ड्रायव्हरांसाठी वेगळ्या खोल्या असतात, वेगळं न्हाणीघर पण काही बोटींवर. त्यांची झोप मोडू नये म्हणून सुट्टीवाल्या प्रवाशांपासून लांब.

प्राची_चिपळूण

जेवणाचं कुणी बोलतच नाहीये 😀 मला पिझ्झा-बर्गर नको. रात्री गरम पेज, मुगाची आमटी-भात, एक तळलेला मासा, सोलकढी. मुलांना दूध गरम करून मिळणारी खिडकी रात्रभर उघडी हवी. आणि संडास धुवायला पाणी, जेट हवाच. एका बोटीवर (नाव नको) रात्री बारालाच संडासातलं पाणी संपलं होतं आणि रिक्लायनर खुर्च्यांच्या हॉलमध्ये एसी इतका की धाकट्याला माझ्या ओढणीत गुंडाळून बसले. पाणी आणि पांघरूण ह्या दोन गोष्टी नीट केल्या तर मी कितीही वेळा येईन.

भाऊचाधक्का१९७०

सोलकढी बोटीवर चालते, पोट शांत राहतं. अनुमोदन.

वेसवीची_पोर

एक शंका. एवढी मोठी बोट लागणार कुठे? आमच्या खाडीच्या तोंडाशी दरवर्षी गाळ येतो, ओहोटीला छोट्या होड्या रुततात.

गुहागरचा_मोटरमन

लाख मोलाचा प्रश्न. आतल्या सोयी पैसे टाकले की होतात, बाहेरचा धक्का होत नाही. भरती-ओहोटीत पाणी मीटरच्या मीटर वर-खाली होतं, म्हणून गाडी उतरायचा पूल पाण्याबरोबर हलणारा लागतो, नाहीतर उतार इतका होतो की गाडीचं पोट घासतं. मांडव्याला तरंगता धक्का आहे, १५ मार्च २०२० ला तिथली रोरो सुरू झाली, तासाभरात भाऊचा धक्का. तिथे पण गाळ काढत राहावं लागतं. जयगड, विजयदुर्ग ही त्यातल्या त्यात नैसर्गिक खोल बंदरं, म्हणून तीच निवडली असणार. अंग्रिया आठवतेय ना, २०१८ ची मुंबई-गोवा? ती मूळची १९९७ ची जपानी बोट, टोकियोहून लांबच्या बेटांवर रात्रभर जायची. चांगली होती, पण गाडी न्यायची सोय नव्हती आणि मधल्या बंदरात थांबत नव्हती. मधे थांबल्याशिवाय ती कोकणची बोट होत नाही.

पुणे_व्हाया_राजापूर

हे पटलं. माझा विरोध मागे, पण सकाळी सातला उतरवलं तर पुढे विजयदुर्ग ते राजापूर रस्ता पण नीट करा म्हणावं.

कुडाळचो_बाबल्या

आता म्हत्त्वाचा. गणपतीक जाताना आमची मूर्ती गाडीत असता, पेणसून घेतलेली. ती रात्रभर खाली गाडयेत कुलपात ठेवूची? आई ऐकूची नाय.

मिऱ्याची_मैथिली

अगं बाई, हा विचारच केला नव्हता मी. मोटरमनदादा?

गुहागरचा_मोटरमन

खाली ठेवायची गरजच नाही बाबल्या. हातातलं सामान म्हणून केबिनमध्ये घेऊन जा. वरच्या बर्थवर ठेवू नको आणि टेबलावर पण नको, बोट डुलली की पहिलं तेच पडतं. जमिनीवर, दोन बर्थच्या मधे, बोटीच्या लांबीला समांतर असलेल्या भिंतीला पाठ लावून ठेव, कारण बोट आडवी डुलते. पाट खाली, दोन्ही बाजूंनी उशा दाबून भर, वरून उपरणं. बाथरूमच्या दारासमोर नको, रात्री कुणीतरी उठतं. दिवा-अगरबत्ती मात्र केबिनमध्ये अजिबात लावायची नाही, धुराची घंटा वाजते आणि अख्खी बोट उठते. सात छोट्या आणि एक लांब शिट्टी ऐकू आली तर मात्र मूर्ती सोडून आईचा हात धरून बाहेर, तिथे वाद नाही.

कुडाळचो_बाबल्या

आईक वाचून दाखवलंय. म्हणता, मगे चलात. पण उशी चार व्हयी, दोन पुरूची नाय, आमचो गणपती दोन फुटाचो आसा.